होळीत गेलेली डोली

बेडशाच्या हौशीराम दहिभात्याला आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता, एक डोलीचा आणि दुसरा चोरीचा. डोलीवर त्याचं पोट चालायचं आणि चोरीमुळे मान ताठ राहायची. आता चोरी म्हटल्यावर कुणी भलता समज करून घेऊ नये. वर्षभर हा माणूस दुसऱ्याच्या बांधावरची गोवरीसुद्धा उचलायचा नाही. वाटेत कुणाचा विळा पडलेला दिसला तर घरोघर विचारत फिरायचा. पण फाल्गुन लागला की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. होळीची लाकडं पळवण्यात आपल्या तोडीचा गडी अख्ख्या पवन मावळात नाही असं तो स्वतः सांगायचा, आणि गाव दुजोरा द्यायचं, कारण गावातल्या प्रत्येकाची काही ना काही वस्तू त्याने आगीत घातलेली होती.

होळीच्या चोरीचे कायदे गावात ठरलेले होते आणि सरकारच्या कायद्यांपेक्षा ते जास्त पाळले जायचे. लाकूड मालकाच्या नाकाखालून न्यायचं. मालकाने पकडलं तर मुकाट्याने होतं तिथं ठेवायचं. पण एकदा का वस्तू होळीच्या ढिगात पडली की ती देवीची झाली. मग मालकाने हूं की चूं करायचं नाही, उलट स्वतःच्याच गोठ्याचं दार जळताना बघत त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि सगळ्यांबरोबर बोंब मारायची. शेवटचा नियम सगळ्यात कडक होता. कुणी काय आणलं ते रंगपंचमीपर्यंत तोंडातून काढायचं नाही. रंगपंचमीला पारावर बसून जो तो आपापला पराक्रम सांगायचा आणि त्यावर वर्षभराची इज्जत ठरायची.

हौशीरामाच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, त्यामुळे हे पाच दिवस त्याला फार जड जायचे. पण सांगायला लागला की पार दणाणायचा. भिमाजी आबा माळ्यावर कणगी बघायला चढलेले असताना याने खालून शिडी नेली होती. आबा होळीची बोंब माळ्यावरूनच मारत राहिले. एका वर्षी पाटील बाजेवर झोपलेले असताना याने त्यांना अलगद घोंगडीवर उतरवून बाज पळवली. पाटलांची घोरण्याची लय चुकली नाही, हे तो दर वर्षी शपथेवर सांगायचा.

त्याच्या या वैभवाला एकच काटा होता. शेजारच्या करुंजात सोपान नावाचा गडी राहायचा. त्याचाही हात असाच हलका होता, आणि श्रेष्ठ कोण याचा निकाल काही लागत नव्हता. बाजारात दोघे समोरासमोर आले तर एकमेकांना राम राम घालायचे आणि लगेच आपापल्या पिशव्या चाचपायचे.

आता डोलीचं सांगायला पाहिजे. बेडशाच्या डोंगरातली लेणी बघायला त्या काळात, म्हणजे सन छत्तीसच्या आसपास, साहेबलोक यायचे, कॉलेजातले प्रोफेसर यायचे, मुंबईचे शेठ यायचे. कामशेतला गाडीतून उतरायचे, बैलगाडीने बेडशापर्यंत यायचे आणि डोंगराकडे बघून मटकन खाली बसायचे. तिथे हौशीराम उभा असायचा. लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या लिलावात त्याने एक सागवानी हातांची खुर्ची घेतली होती. बैठक वेताची, आणि दोन्ही हातांच्या टोकांना बदकाची तोंडं कोरलेली. तिला दोन बांबू बांधले की डोली तयार. पुढे हौशीराम आणि गेणू, मागे महिपती आणि रखमाजी. चार घरं त्या एका खुर्चीवर जगत होती. गेणू तर हौशीरामाला सख्ख्या भावासारखा मानायचा आणि प्रत्येक वळणावर "भाऊ, खांदा बदल" म्हणून हाळी द्यायचा. त्या हाळीवर चौघांचे पाय एका तालात पडायचे.

एक दिवस या डोलीत तळेगावचे त्र्यंबकराव येऊन बसले. ते आगीच्या विम्याचे एजंट होते, गुडघे अधू होते, आणि तोंड मात्र ठणठणीत होतं. डोली चढणीला लागली आणि त्यांनी विम्याचं पुराण सुरू केलं. दुसऱ्या कुणी ते दारात ऐकवलं असतं तर हौशीराम मागल्या दाराने निघून गेला असता. पण ज्याला खांद्यावर घेतलंय त्याच्यापासून पळून जाणार कुठं? आमच्या मावळात पाऊसच एवढा पडतो की आगीची भीती कसली, असं तो म्हणून बघत होता. त्र्यंबकरावांनी त्यावर तीन गावांच्या आगींची वर्णनं ऐकवली. लेण्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत चौघांचे कान किटले होते. शेवटी हा गृहस्थ गप्प बसेल एवढ्या एकाच आशेने हौशीरामाने अंगठा उठवला. घराचा आणि डोलीचा विमा उतरला. खाली येताना त्र्यंबकराव आयुष्याच्या विम्यावर बोलले.

पुढची होळी आली तेव्हा हौशीरामाची बायको झुंबरबाई काळजीत पडली. नवऱ्याने साऱ्या गावाची लाकडं जाळली होती, तेव्हा साऱ्या गावाचा डोळा तिच्या घरावर असणार हे उघड होतं. त्यातून सोपानाने म्हणे करुंजात पैज लावली होती, यंदा हौशीरामाची डोली उचलणार. नवरा स्वतः चोऱ्यांच्या नादात घराबाहेर. त्याला सांगून काही लपवावं तर तो तासाभरात पारावर बोलून बसणार. म्हणून तिने कुणालाही न सांगता खुर्चीचे बांबू सोडले, ते आढ्याला टांगले, आणि खुर्ची गोणपाटात घट्ट गुंडाळून, सुतळीने बांधून, भर दुपारी, आबांचा डोळा लागलेला असताना, डोक्यावर घेऊन भिमाजी आबांच्या परसात पेंढ्याच्या गंजीमागे नेऊन ठेवली. यंदा माझ्या परसातली काडीसुद्धा हलणार नाही, काठी घेऊन बसतो, असं आबांनी चारचौघांत बजावलं होतं. आबा आपल्या खुर्चीची फुकट राखण करतील, असा तिचा हिशेब होता. हिशेब बिनचूक होता. फक्त ते चारचौघांतलं बोलणं हौशीरामानेही ऐकलं होतं.

ते ऐकून त्याची झोप उडाली होती. दिवेलागणीला आबा देवापुढे निरांजन लावायला आत गेले, तेवढ्यात हा गंजीमागे शिरला. हाताला गोणपाटाचं बोचकं लागलं. भक्कम, चांगलं जड. आबांनी एवढं झाकून ठेवलंय म्हणजे मौल्यवानच असणार. बोचकं सोडून बघायचं नाही हाही एक नियमच होता. त्याने ते एका दमात खांद्यावर घेतलं. खांद्याला ओझं ओळखीचं वाटलं, असं त्याने पुढे कबूल केलं, पण त्या वेळी त्याला वाटलं की ओझ्याची सवयच आहे आपल्याला. अंधारात मागच्या अंगाने जाऊन त्याने ते ढिगात खोलवर सारलं आणि हात झटकत पुढच्या अंगाने गर्दीत येऊन उभा राहिला.

होळी पेटली. गोणपाट जळून गेलं आणि ज्वाळांत एका बदकाचं तोंड दिसलं. हौशीरामाने ते पाहिलं. कुणाची तरी अगदी आपल्यासारखीच खुर्ची आहे, असं त्याच्या मनात आलं, त्या अज्ञात मालकाची त्याला कीव आली, आणि त्याच्या नावाने त्याने दोन बोंबा जास्त मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामशेतहून एक जाडजूड पारशी कुटुंब आलं. हौशीराम डोली काढायला घरात गेला तर आढ्याला नुसते बांबू. झुंबरबाई हसत म्हणाली, घाबरू नका, मी ती आबांच्या गंजीमागे ठेवलीय. हौशीराम जागच्या जागी खाली बसला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. झुंबरबाईने तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर हसू थांबलं तरी पाणी येतच राहिलं. बाहेर गेणू, महिपती आणि रखमाजी बांबूची वाट बघत उभे होते आणि पारशीण डोंगराकडे बघून उसासे टाकत होती.

त्या दोघांनी हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. रंगपंचमीला हौशीराम पारावर पहिल्यांदाच गप्प बसला. लोकांना वाटलं, डोली गेल्याचं दुःख आहे. डोली सोपानानेच नेली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि हौशीरामाला तो घास गिळावा लागला. त्या घासाने त्याला जेवढा त्रास दिला तेवढा तर डोली जाण्यानेही दिला नव्हता.

बातमी तळेगावात पोचली तसे त्र्यंबकराव धावत आले. डोली जळाली ना? विमा आगीचाच आहे ना? मग रडताय काय, मागणी करा. मावळात एकाला विम्याची भरपाई मिळाली की बाकीचे आपल्यामागे लागतील, असा त्यांचा आडाखा होता. हौशीराम नको नको म्हणत होता, पण गेणू, महिपती आणि रखमाजी तिथेच बसलेले, तिघांची तोंडं उजळली. त्यांना नको कसं म्हणणार? नवी खुर्ची आल्याशिवाय चार घरांत चूल नीट पेटणार नव्हती. मागणी गेली. मुंबईहून कंपनीचं उत्तर आलं की ही चोरी आहे, चोरीचा विमा तुम्ही उतरवलेला नाही. त्र्यंबकरावांनी ते वाचलं आणि त्याच पावली कंपनीच्या बाजूचे झाले. मग तळेगावचे वकील गंगाधरपंत यांनी खटला अंगावर घेतला. वर्षानुवर्षं बांध आणि बैल यांच्यावर भांडून ते कंटाळले होते. विमा म्हटल्यावर त्यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा उत्साह आला.

वडगावच्या कोर्टात सुनावणी लागली तेव्हा बेडसं जवळजवळ ओस पडलं. झुंबरबाईने निघताना नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली.

"काय बी झालं तरी तुमी तोंड उघडू नका. गेणूचं लेकरू उपाशी हाय, एवढं ध्यानात ठेवा."

हौशीरामाने मान हलवली. त्याला ते मनापासून पटलं होतं.

कंपनीने मुंबईहून काळ्या कोटातले एक भारदस्त वकील आणले होते. त्यांनी उभं राहून सांगितलं की आगीच्या विम्यात आग मालाकडे चालून आली पाहिजे. इथे माल आगीकडे चालून गेला आहे. उद्या कुणी आपला माल गावोगावच्या चुलींत नेऊन घालेल, तर कंपनीने काय करायचं? आणि मुळात ही चोरी आहे. गंगाधरपंत हसले. त्यांनी भिमाजी आबांना साक्षीला बोलावलं. आबांनी सांगितलं की होळीला वस्तू नेणं म्हणजे चोरी नव्हे, आपल्या आज्याच्या आज्यापासून ही रीत आहे, आपली स्वतःची शिडी गेली तेव्हा आपण माळ्यावरून बोंब मारली पण तक्रार केली नाही. मुंबईच्या वकिलांनी विचारलं की तुमची वस्तू जळते आणि तुम्हाला राग येत नाही? आबा म्हणाले, राग येतो, म्हणून तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची नेतो. जज्जसाहेबांनी खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर रुमाल धरला. त्यांच्या वडिलांच्या गावी घरचं फाटक असंच होळीत गेलं होतं असं म्हणतात.

मग मुंबईच्या वकिलांनी शेवटचा डाव टाकला. डोली होळीत जळाली हे पाहिलं कुणी? ती नेली कुणी? कशावरून वादीने ती लोणावळ्यात विकून खाल्ली नाही? पण गंगाधरपंतांनी झोकात वळून पुकारा केला, आणि दारातून नवा फेटा बांधून, मिशीला तूप लावून, करुंजचा सोपान आत आला.

गंगाधरपंतांनी आठवडाभर गावोगाव निरोप फिरवले होते. ज्याने डोली नेली त्याने येऊन सांगावं, हा दिवाणी दावा आहे, कुणाला काही होणार नाही. सोपान निरोप मिळताच हजर झाला होता. हौशीरामाला याचा पत्ता नव्हता. आता सोपानाने एवढंच सांगायचं होतं की खुर्ची मी नेली आणि होळीत टाकली. त्यावर दावा जिंकल्यात जमा होता. रीतीप्रमाणे ती चोरी ठरत नव्हती, मालकाचा हात लागलेला नव्हता, आणि आग तर सगळ्या गावाने पाहिलेली होती. गेणूने हात जोडले.

सोपान म्हणाला, "व्हय, म्याच नेली." पैज लावली तरी त्या दिवशी त्याला ताप भरला होता आणि तो घोंगडी पांघरून घरी पडून होता, हे त्याच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्यावर तो थांबला असता तर सगळं गोड झालं असतं. पण समोर दोन गावांची माणसं बसलेली, आणि ऐकणाऱ्यांत हौशीराम. सोपानाची जीभ सुटली. त्याने सांगितलं की खुर्ची हौशीरामाच्या उशाशी होती. दिवेलागणीला हा कुशीवर वळून घोरत होता. आपण दारातून आत गेलो, रांजणातलं पाणी प्यालो, चुलीवरच्या कटाची आमटी चाखली, मीठ कमी होतं. मग खुर्ची उचलली. जाताना खुर्चीचा पाय हौशीरामाच्या नाकाला लागला तर हा झोपेतच "म्हातारे, सरक" म्हणाला. करुंजची माणसं हसून लोटपोट झाली. बेडशाची माणसं खाली मान घालून बसली.

हौशीरामाने हाताच्या मुठी आवळल्या. गेणूचं लेकरू आठवलं. बायकोकडे पाहिलं, तिने ओठांवर बोट ठेवलं होतं. त्याने दात दातावर धरले. खरं सांगायचं तर इथवर या माणसाने जो संयम दाखवला तो त्याच्या उभ्या आयुष्यात कधी दाखवला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत.

सोपान शेवटचं म्हणाला, "लय बोलबाला ऐकला व्हता साहेब. म्हनलं गुरू आसंल. पर ह्याच्या घरची चोरी म्हंजी पोरखेळ निगाला."

"खोटं बोलतोय त्यो!" हौशीराम ताडकन उभा राहिला. "साहेब, ह्याच्या बापाच्यानं बी माजी डोली उचलली न्हाई जायाची. म्या चोरली ती. म्या सोता! आबाच्या गंजीमागनं, आबा काठी घिऊन बसलेलं आस्ताना, ह्या खांद्यावर नेली आन् ह्या हातानं होळीत घातली. इचारा माज्या बायकुला!"

बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला तो आत कोर्टात ऐकू आला. गंगाधरपंत हळूच खाली बसले. मुंबईचे वकील उभेच होते, पण त्यांना काही विचारावं लागलं नाही. आपण काय केलं हे हौशीरामाला कळलं तेव्हा तो गेणूकडे बघायला लागला. गेणूचे जोडलेले हात अजून तसेच होते.

निकाल छोटा होता. होळीसाठी वस्तू नेणं ही या मुलखातली जुनी आणि सर्वमान्य रूढी आहे, तिला चोरी म्हणता येणार नाही, असं जज्जसाहेबांनी आधी लिहिलं. पण मालकाने स्वतःच्या हाताने, दुसऱ्यावर मात करण्याच्या हौसेने आपली वस्तू आगीत घातली, तर त्याची भरपाई कंपनीकडे मागता येणार नाही, असं नंतर लिहिलं. दावा फेटाळला. जाता जाता त्यांनी हौशीरामाला विचारलं, आबा खरंच काठी घेऊन बसले होते का? तो हो म्हणाला, तर त्यांनी कौतुकाने मान हलवली म्हणतात.

बेडशात त्या रात्री हौशीरामाचं नाव झालं ते झालंच. स्वतःची डोलीसुद्धा ज्याच्या तावडीतून सुटली नाही असा चोर, म्हणून आजूबाजूची गावं त्याला बघायला यायला लागली. पण त्याला त्यात गोडी वाटेना. गेणू, महिपती आणि रखमाजी लोणावळ्याला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. वाटेत हौशीराम दिसला तर ते राम राम घालायचे, पण गेणूने त्याला 'भाऊ' म्हणायचं सोडलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. हौशीराम आढ्याला टांगलेल्या बांबूंखाली झोपायचा आणि त्याला फार वाईट वाटायचं. झुंबरबाई मात्र त्याला एका शब्दाने बोलली नाही. फक्त कटाच्या आमटीत त्या दिवसापासून मीठ मुठीने जास्त पडायला लागलं.

इकडे त्र्यंबकरावांची चैन झाली. या माणसाबद्दल मला पहिल्यापासून संशय होता, असं त्यांनी कंपनीला कळवलं, आणि कंपनीने खुश होऊन त्यांना एक शिसवी आरामखुर्ची भेट पाठवली. तिच्या पाठीवर कंपनीच्या नावाची पितळी पट्टी होती आणि वर दोन नक्षीदार लाकडी कळस. त्र्यंबकरावांनी खुर्ची ओसरीवर मांडली आणि तिच्या डोक्यावर भिंतीला निकालाची नक्कल चौकट करून लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तिचा शेवटचा भाग वाचून दाखवायचे.

पुढच्या होळीला ती खुर्ची ओसरीवरून नाहीशी झाली.

त्र्यंबकराव वाड्यात जेवत होते, पानात पुरणपोळी होती, आणि ओसरी त्यांच्या पानावरून दिसत होती. तरी गेली. तळेगाव स्टेशनवर एक फेटेवाला डोक्यावर खुर्ची घेऊन गाडीत चढला, डब्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती, तर हा आपल्याच खुर्चीवर ऐसपैस बसून कामशेतपर्यंत आला, असं पाहणारे सांगतात. अंधार पडायच्या आधी सोपान बेडशात आला. होळीपाशी उभं राहून त्याने खुर्चीचा एक कळस पिरगाळून काढला आणि सगळ्यांदेखत ढिगात टाकला. रीत पुरी झाली. मग उरलेली खुर्ची त्याने हौशीरामाच्या दारात नेऊन ठेवली.

हौशीराम दारातच उभा होता. सोपान त्याच्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिशी कोर्टात म्या खोटं बोललो. तुज्या घरात म्या कदी शिरलोच न्हवतो. तुजी भरपाई माज्यामुळं बुडाली, ही घे." आणि तो करुंजच्या वाटेला लागला. त्याला हाक मारून जेवायला थांबवावं एवढं हौशीरामाला सुचलं, पण तोवर सोपान ओढा ओलांडून गेला होता.

त्र्यंबकराव फौजदाराकडे गेले. फौजदार चौकशीला त्यांच्या ओसरीवर आला, खुर्ची नसल्यामुळे उभाच राहिला, आणि समोर भिंतीवर चौकट होती म्हणून सहज वाचायला लागला. त्याने सुरुवातीपासून वाचलं. होळीसाठी वस्तू नेणं ही चोरी नव्हे, इथपर्यंत आल्यावर त्याने वही मिटली आणि त्र्यंबकरावांना होळीच्या शुभेच्छा देऊन निघून गेला.

रंगपंचमी उलटल्यावर आढ्याचे बांबू खाली उतरले आणि शिसवी खुर्चीची डोली बांधून झाली. गेणू, महिपती आणि रखमाजी कामावर परत आले. बोलणं मात्र कामापुरतं. वळणावर गेणू नुसता "खांदा" एवढंच म्हणायचा. चौघांचे पाय पडायचे, पण तो जुना ताल लागायचा नाही, आणि वर बसलेला शेठ डुचमळायचा.

चैत्रात एक दिवस त्र्यंबकराव आले. खुर्ची बेडशात आहे अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती, पण हौशीरामाने उन्हासाठी खुर्चीवर पांढरी चादर घातलेली होती आणि त्र्यंबकरावांचे गुडघे काही सुधारले नव्हते. ते डोलीत बसले. अर्ध्या चढणीवर वारा सुटला, चादरीचं टोक उडालं, आणि त्यांच्या खांद्यामागे पितळ चमकलं. मान वळवून त्यांनी आपल्याच कंपनीचं नाव वाचलं. वर एकच कळस होता.

त्यांनी खाली उतरवायला सांगितलं. हौशीरामाने अदबीने सांगितलं की चढणीवर डोली टेकवता येत नाही, माणूस खुर्चीसकट घरंगळतो. मग त्र्यंबकरावांनी खांबाला धरावं तसं दोन्ही बांबूंना धरलं आणि तिथूनच ओरडून विचारलं की ही खुर्ची माझ्या ओसरीवरून नेली कुणी? तूच नेलीस ना?

हौशीरामाने खांद्यावरचा बांबू नीट केला. रंगपंचमी होऊन गेली होती, म्हणजे बोलायला मोकळीक होती. 'व्हय' एवढा एक शब्द पुरला असता. बेडसं सोडलं तर अख्ख्या मावळाने विश्वास ठेवला असता, आणि जेवत्या माणसाच्या नजरेसमोरून, तळेगावातून, रेल्वेने, एवढी मोठी चोरी त्याच्या नावावर कायमची जमा झाली असती. त्याच्या जिभेवर तो शब्द येऊन बसलासुद्धा होता. शेजारी गेणू कान देऊन चालत होता.

"न्हाई रावसाहेब," हौशीराम म्हणाला. "करुंजच्या सोपाननं नेली. माज्याच्यानं न्हाई जमलं आसतं. त्यो लय मोटा चोर हाय, माज्यापरीस मोटा."

हे बोलायला त्याला चढणीपेक्षा जास्त दम लागला. वर त्र्यंबकराव काहीतरी बडबडत राहिले, पण ते कुणी ऐकलं नाही. पुढे लेण्याच्या आधीचं शेवटचं वळण आलं.

"भाऊ," गेणू म्हणाला, "खांदा बदल."